आशूची गाडी चालू व्हायला पायजे

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
आशूच्या स्कूटरला आंघोळ घातली. पार्किंगमधी पाइप लावून, वरून, खालून, पोटातून. चाकणचा चिखल अजून चिकटला होता, तिकडं कंपनीत जायची ना पोर. आता नात तमिळनाडूत होसूरला नव्या नोकरीवर, म्हणून पूजा आजीनं केली. हळदीकुंकू, झेंडूची माळ. अशी नटली म्हणता! फोटो पाठवला. तिचे नुसते बदाम आले. कामात असंल.

३ ऑक्टो., शुक्र.
गाडी चालूच होईना. खालच्या मजल्यावरची लता किक मारून मारून दमली. लातूरकडची, अंगानं दणकट. माझ्या गुडघ्यांना किक झेपत न्हाई, म्हणून दर दोनचार दिवसांनी ती मारते, मी हँडल धरते. म्हणाली, "काय केलाव मावशी हिला? परवा तर बोलत होती."
आशूचा बाप सुरेश कामावरून आला, त्यानं ऐकलं. "आई, पोर गेली, गाडी गंजतीय. सोसायटीवाले जागा मोकळी करा म्हणत्यात. पुढच्या रविवारी भंगारवाला बोलवतो."
"चालू झाली तर?"
"झाली तर ठेव तुझ्याजवळ. ओवाळ रोज."
त्याला कसं सांगू. गाडी इथं हाय तोवर पोर इथली हाय. गाडी गेली की ती पावणी.

५ ऑक्टो., रवि.
आशूला फोन लावला. पोट धरून हसली. "आजी, तू तिला न्हाऊ घातलंस. नाकातोंडात पाणी गेलंय तिच्या."
मंग व्हिडिओवर शिकवलं. लतानं फोन धरला. पुढची झाकणी काढली, प्लगची टोपी ओढली, डिकीतला पाना लावला. "उलटा फिरव आजी. डावीकडं. अगं ती उजवी!" निघाला एकदाचा. बोटाएवढा प्लग, वर काजळी, चिंब भिजलेला. पुसला आन तव्यावर वाळवला.
"तव्यावर? त्या तव्यावरची भाकरी कोण खाणार?"
"तुझा बाप."
दोघी हसलो. केवढी मोठ्यांदा हसते, शेजारी म्हणायचे पोरीच्या जातीला शोभत न्हाई. मी म्हणायची कान झाका.
गाडी काय चालू झाली न्हाई. पन पोर किती वेळ बोलली! एरवी "जेवलीस का, ठेवते."

८ ऑक्टो., बुध.
तिच्या जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फोन. एकटीच डब्यातला दहीभात खात होती. गालफडं बसल्यात. विचारलं तर म्हणे कॅमेऱ्यात तसं दिसतं.
प्लग टोपीत घालून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा न् किक मारायची. हात लावायचा न्हाई. लतानं मारली. निळी ठिणगी! इवलीशी, चट् करून. मी ओरडले, लता ओरडली, वॉचमन पळत आला.
आशू म्हणाली, करंट आहे, म्हणजे पाणी कार्बोरेटरमधी. तेवढ्यात तिकडं भोंगा झाला. गेली.
पूर्वी रविवारी मला मागं बसवून मोशीच्या बाजाराला न्यायची. तिची वेणी वाऱ्यानं माझ्या तोंडावर. मी म्हणायची बांध गं ती. आता वाटतं...

११ ऑक्टो., शनि.
झाली!! चालू झाली!!
कार्बोरेटरच्या बुडाला एक स्क्रू असतो, आशूनं फोनवर सांगितलं तसा तो सैल करून खाली बरणी धरली. पेट्रोल आलं, त्याच्या तळाशी पाण्याचे थेंब, मोत्यासारखे. स्क्रू आवळला, बरणी लांब नेऊन ठेवली. लतानं किक मारली. एक, दोन... खोकली, धूर काढला न् लागली धडधडायला. लता माझ्या गळ्यात. दोघींचे हात काळे, लुगड्याचं वाटोळं.
फोन सायलेन्सरपाशी नेला. आशू ओरडली, "आजी, तू तर मेकॅनिक झालीस!" आन मंग म्हणाली, "आता चालू आहे तोवर बाबांना विकायला सांग. मी इथं नवीन बुक केलीय."
मी म्हणलं, बरं.
नवीचा रंग कोणता, ते पन विचारलं न्हाई. हात धुतले. काळं निघंना.

१२ ऑक्टो., रवि.
सुरेशनं कंपनीतला एक गडी आणला गाडी बघायला. "आई, आशूच म्हणतीय, आता काय?" खरंय, मला बोलायला जागा न्हाई.
माणूस भला. चाकं दाबली, किक मारली, पहिल्या किकला चालू. मला मेलीला आनंदच झाला. त्यानं विचारलं, "चांगली ठेवलीय. चालवतं कोण?"
सुरेश तोंड उघडायच्या आत मी म्हणलं, "मी."
"तुम्ही, आजी?"
"व्हय. रोज लागते मला."
तो सुरेशकडं बघतो, सुरेश माझ्याकडं, लता पदर तोंडात कोंबून जिन्यात. "मग घरात ठरवा राव, नंतर कळवा," म्हणून गेला. सुरेश दिवसभर धुसफुसला. जेवताना मात्र एकदम हसला न् ठसका लागला.
संध्याकाळी आशूचा फोन. आपणहून.
"आजी, बाबा म्हणतात तू गाडी चालवतेस?"
"व्हय."
"मग सांग, थांबवतात कशी?"
"तेवढंच राहिलंय. ते तू येऊन दाखव."
हसली. मंग हसायची थांबली. म्हणाली, "दिवाळीला रजेचं अजून..." मी विचारलं न्हाई. तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता, खडखड करतो, बेअरिंग गेलं असंल.
तिनं फोन ठेवला न्हाई. मी पन न्हाई.