गॅस सिलिंडरविरुद्ध चाळीस बाटल्या

३ मार्च १९९६, रविवार
आजपासून शांत राहायचं. रिटायर होऊन महिना झाला. एकतीस वर्षं ब्रुअरीची लॅब सांभाळली, आता रोज कुणाचं तरी मुंडकं पिरगाळावंसं वाटण्याचं कारण उरलेलं नाही.

सकाळी ११. कारण आलं. हिरामणचा फोन. हिरामण म्हणजे आमचा सेलरमन. तळघरातल्या, लागर बिअरच्या थंड टाक्या चोवीस वर्षं त्याने राखल्या. म्हणाला, मॅडम, सेलर बंद करतान. नवा ब्रूमास्टर पार्थ (वय एकोणतीस, जर्मनीचा नऊ महिन्यांचा कोर्स, मिशी अजून विचाराधीन) आता सिलिंडरमधून बिअरमध्ये गॅस सोडणार. जी लागर सहा आठवडे थंडीत पडून स्वतःचे बुडबुडे स्वतः तयार करते, ती पंधरा दिवसांत ट्रकवर!

हिरामण पुढे काहीतरी सांगत होता. बोलू दिलं नाही. काय सांगणार बिचारा? सेलर गेला की तो रस्त्यावर. म्हटलं, मी आहे.

मालकांना, म्हणजे शेठना, चार पानी पत्र लिहिलं. इंग्रजीत. 'मर्डर' हा शब्द तीनदा. शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, कडक शब्द एकदाच वापरावा. पण त्यांनी सिलिंडरची बिअर कुठे प्यायली होती.

७ मार्च, गुरुवार
शेठचा फोन. म्हणाले, मॅडम, भांडू नका, सिद्ध करा. २५ मे, टेस्टिंग रूम. तुमची नैसर्गिक लागर विरुद्ध पार्थची गॅसवाली. तीन ग्लासांची परीक्षा. तुमची वेगळी ओळखू आली आणि सरस ठरली, तर सेलर चालू राहील.

तीन ग्लासांची परीक्षा ब्रुअरीत मीच आणली. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते जिभेने सांगायचं. नापास झालेल्या अकरा जणांना मी चाखणाऱ्यांच्या पॅनेलवरून हाकललं. एक रडला होता.

मग शेठनी फोन पार्थला दिला. तो म्हणाला, आंटी, बुडबुड्याला आईबाप नसतात.
आंटी!
रिसीव्हर आपटला. दोन तुकडे. फोन नवीन घ्यायचाच होता.

१७ मार्च, रविवार
हिरामण टेम्पोतून दुधाच्या दोन कॅनमध्ये कच्ची बिअर घेऊन नेरूळला आला. आंबवून झालेली, बुडबुडे नसलेली. सोबत शेठची चिठ्ठी, म्हणजे सगळं अधिकृत.

पद्धत सोपी आहे, म्हणून पार्थला कळत नाही. बाटलीत थोडी साखर टाकायची, बूच घट्ट मारायचं. उरलेलं यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. गॅसला बाहेर जायला वाट नाही, तो बिअरमध्येच मुरतो. दहा दिवस उबेत, मग फ्रिजमध्ये.

साखर किती टाकायची हे बिअरमध्ये आधीची किती उरलीय त्यावर ठरतं. ते मोजायचा हायड्रोमीटर मी काल खिडकीतल्या बोक्याला फेकून मारला. बोका वाचला. काही बिघडत नाही. चाखून पाहिलं, साखर संपलेली आहे. या जिभेने एकतीस वर्षं पगार घेतलाय. प्रत्येक बाटलीत दोन मोठे चमचे साखर टाकली. कमी पडायला नको.

चाळीस बाटल्या भरून मीनाच्या पलंगाखाली ठेवल्या. मीना माझी धाकटी बहीण, माझ्याकडे राहते. ती म्हणते, मी तिच्याकडे राहते. तिने विचारलं, ताई, माझ्याच पलंगाखाली का? म्हटलं, तुझी खोली उबदार आहे.

हिरामण जाताना म्हणाला, मॅडम, त्या सेलरान गुडघं आखडतान, रातचा पाय सरल होत नाय. म्हटलं, म्हणूनच तर लढतेय. अशी निष्ठा आजकाल कुठे असते? त्याने गुडघे चोळले. भारावला असावा.

२७ मार्च, बुधवार
दुपारी २.१०. मोठा आवाज. मीना पलंगावर झोपली होती. आता कपाटावर आहे.
२.१४. आणखी तीन. गादी फाडून काच वर आली. छतापर्यंत फेस.
२.२०. खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदर, सोसायटीचे सेक्रेटरी, धावत आले. मी ओरडले, वाकू नका. सेक्रेटरी माणूस, वाकलाच. भुवई फुटली. एवढ्याशा माणसातून इतकं रक्त निघेल असं वाटलं नव्हतं.
२.३०. बिल्डिंग रिकामी. कुणीतरी बॉम्ब म्हणून ओरडलं.
३.१५. पोलीस. इन्स्पेक्टरने विचारलं, बाई, इथे काय बनवता? म्हटलं, कार्बन डायऑक्साइड. तुम्हीही बनवता, श्वास सोडताना. शेठची चिठ्ठी दाखवली. त्याने पलंगाखाली काठी घातली आणि एकदम पाच गेल्या. त्याची टोपी अजून सापडलेली नाही.
संध्याकाळी ६. एकूण फुटल्या एकतीस. उरलेल्या नऊ गोधडीत गुंडाळून गच्चीवर नेल्या आणि वरवंट्याने स्वतः फोडल्या. एकेक. आपलं काम दुसऱ्यावर सोडायचं नसतं. शेवटच्या चार पार्थचं नाव घेऊन. तळहात कापला. टिंक्चर पुरे.

२८ मार्च, गुरुवार
श्यामसुंदरना तीन टाके. सोसायटीची नोटीस आली, घरात स्फोटक पदार्थ ठेवू नयेत. नोटीस फाडली. त्यांना कळावं म्हणून त्यांच्या दारात उभी राहून फाडली. त्यांची बायको गीतांजली म्हणाली, मावशी, तुमच्या वयाच्या बायका भजनाला जातात. म्हटलं, त्यांना गळा आहे, मला मेंदू आहे.

दोष कुणाचा, याचा शांतपणे विचार केला. बाटल्यांचा. भंगारवाल्याकडून आणलेल्या काचेला शिस्त नसते. माझं गणित बरोबर होतं. गणित केलं असतं तरी बरोबरच आलं असतं.

७ एप्रिल, रविवार
दुसरा, लहान कॅन फ्रिजमध्ये होता. मीनाने अर्धा मोरीत ओतला. म्हणाली, मला अजून जगायचंय. तिच्यावर हात उचलला होता. मग त्याच हाताने स्वतःचे केस सारखे केले. (शांत राहायचं.)

उरलेल्यात बारा बाटल्या झाल्या. या वेळी साखर अजिबात नाही. एक चिमूटसुद्धा नाही. खरी लागर आपलं आपण बघून घेते. बारा बाटल्या थेट फ्रिजमध्ये. भाजी, दूध, मीनाचं इन्सुलिन बाहेर. मीनाने इन्सुलिन आत आणि तीन बाटल्या बाहेर ठेवल्या. त्यावरून झालेल्या बाचाबाचीत त्या तीन फुटल्या. हे प्रयोगात धरायचं नाही.

५ मे, रविवार
चार आठवडे झाले. एक उघडली. आवाज नाही. कान लावला. तरी नाही.
मीनाने घोट घेतला. म्हणाली, ताई, हे मोरीचं पाणी आहे, फक्त थंड.
बुडबुडे आहेत. संयमी आहेत.
खात्रीसाठी आणखी दोन उघडल्या. त्याही फार संयमी.

१२ मे, रविवार
तेरा दिवस उरले. उरलेल्या सहा बाटल्या उघडल्या, प्रत्येकीत ताजं यीस्ट आणि दीड चमचा साखर, परत बूच, गॅलरीत उन्हाला. हे घाईत केलेलं नाही. याला जलद परिपक्वता म्हणतात. पार्थ पंधरा दिवस घेतो, मी सात घेईन. फरक तत्त्वाचा आहे.

१७ मे, शुक्रवार
तपासणीसाठी एक उघडली. बूच सुटलं ते ट्यूबलाइटमधून गेलं. काच डाळीत. बिअर भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, खिडकीतून खाली श्यामसुंदरांच्या वाळत घातलेल्या झब्ब्यावर. ते खालून काहीतरी बोलले. दुसरी उघडली, पुन्हा तेच. पण बुडबुडे! बारीक, एकसारखे. मीना डाळीतून काच वेचत होती, तिला दाखवले. तिने पाहिलं नाही.

चार उरल्या. एक पुरेशी आहे.

१९ मे, रविवार
हिरामण घणसोलीहून बाटल्या न्यायला आला. उद्या कामावर जाताना नेऊन सेलरमध्ये ठेवेल. चहा घेतला, पण खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, पार्थ साहेबांनी मना गॅसच्या बटनांच्या पॅनेलची ट्रेनिंग दिली. वरती हाय, उजेड हाय. बसाला खुर्ची हाय. मी म्हटलं, हीच लालूच. आधी वर काढतील, मग बाहेर. तो म्हणाला, नाय मॅडम, आयका तरी. मी त्याला चाळीस मिनिटं समजावलं. लागरचा इतिहास, सेलरची परंपरा, त्याचं त्यातलं स्थान. मीना आतून ओरडली, ताई, तो काहीतरी सांगतोय गं. तिच्या दिशेने पक्कड फेकली. लागली नाही.

हिरामणने चारी बाटल्या गोणपाटात घेतल्या. म्हटलं, दगडासारख्या नाही, तान्ह्या बाळासारख्या ने. तो म्हणाला, बरा मॅडम. रणरणत्या उन्हात निघाला. चेहऱ्यावर काळजी होती. साहजिक आहे, नोकरीचा प्रश्न.

२५ मे, शनिवार
सकाळी ८. इस्त्रीची सुती साडी. दात नुसत्या पाण्याने. जीभ वस्तऱ्यासारखी.

रात्री ९. जसं घडलं तसं लिहिते.

हिरामणने माझी बाटली आणून दिली. पार्थने पडद्यामागे तीन ग्लास ओतले. पहिला चाखला. मेलेली बिअर, टोचणारे बुडबुडे, सिलिंडरचा वास. दुसरा, तेच प्रेत. तिसरा! मऊ, रेशमी, सहा आठवड्यांचा संयम. मी क्लार्कला सांगितलं, लिहा, तिसरा ग्लास नैसर्गिक, शंका नाही. खाली सही केली. तारीखही घातली.

शेठनी चाखलं. म्हणाले, मलापण तिसराच बरा लागतोय. (शेठना शेवटी बोलणाऱ्याचं पटतं.) पार्थ म्हणाला, मला तर तिन्ही सारखे लागले. एवढं होऊनही! दुसरा ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा केला. ग्लासही सुटला, त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. पहिला ग्लास मुद्दाम फेकला. शेठ उभे राहिले, म्हणाले, बस, बस, मॅडम. जिंकलात. सेलर चालू. हिरामण, सोमवारपासून परत खाली.

जिंकले.

हिरामण दाराशी उभा होता. मे महिन्यात लांब बाह्यांचा शर्ट. म्हणाला, शेठ, नको.
सगळे वळले. त्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. अकरा टाके.

म्हणाला, रविवारी घरी जाऊन गोणपाट खाली ठेवला आन् चारी फुटल्या. बायकोनं हॉस्पिटलान नेला. मॅडमना सांगू कसा? त्या माज्यासाठी भांडत होत्या. मंग एक रिकामी बाटली घेतली, गॅसच्या टाकीतली बिअर भरली न् बूच मारला. तिन्ही ग्लासान गॅसचीच हाय, शेठ. आज पन बोलनार नव्हतो. पन मना खाली नका धाडू. चोवीस वर्सं झाली. पाय मरतान तिथं.

कोणी हसलं नाही. पार्थसुद्धा नाही. तोंडावरची बिअर पुसत त्याने मला खुर्ची दिली. बसले. 

शेठनी माझ्या सहीचा कागद पुन्हा वाचला. म्हणाले, मॅडमनाच फरक कळला नाही, तर गिऱ्हाइकाला काय कळणार. सेलर पहिल्या तारखेपासून बंद.

२६ मे, रविवार
सकाळी ७. शांतपणे मुद्दे काढले.
खोलीत पंखा होता. पंख्याने वास उडतो.
तिसरा ग्लास बहुधा जास्त स्वच्छ धुतलेला होता.
मी 'नैसर्गिक' म्हटलं. कार्बन डायऑक्साइड हा निसर्गातलाच वायू आहे.
हिरामणला पार्थने फितवलं. टाके बघितले पाहिजेत, अकरा म्हणजे जरा जास्तच वाटतात.

सकाळी ७.४०. शेवटचा मुद्दा खोडला.

२९ मे, बुधवार
मीना सकाळपासून विचारतेय, त्याला भेटायला जाणार का. म्हटलं, रिकाम्या हाताने कशी जाणार. लेप तयार केला. हळद, मध, थोडं ताजं यीस्ट. यीस्टमध्ये बी जीवनसत्त्व असतं, जखम लवकर भरते. बरणीत भरून ठेवला.

दुपारी १२. घणसोलीला हिरामणच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. त्यांनी त्याच्या बायकोला बोलावलं. पुतळा नाव. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच बोललो. हात कसा आहे, विचारलं. म्हणाली, हात बरा हाय. सोमवारपासून गॅसवर लागतान. काल पाय पसरून निजले, घोरत व्हते.
म्हटलं, मी येते, एक लेप घेऊन.
ती हळूच म्हणाली, मॅडम, तुमी या. चहा घ्याला या. पन काय बनवून आनू नका. येवढाच सांगाला सांगलाय त्यांनी.

म्हटलं, काही बनवलेलं नाही.

दुपारी १२.२०. मीना स्वयंपाकघरात गेली, बरणी पाहिली आणि दारातूनच म्हणाली, ताई, निदान झाकण सैल कर.
केलं.