अकरा वर्षांनंतरचा घाम

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रेकॉर्ड. तीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली, त्यात एक गोष्ट पक्की शिकले. जे लिहिलं नाही ते झालंच नाही. तर लिहिते.
काल रात्री घामाने दोन मॅक्सी बदलल्या. उशीवर टॉवेल घातला होता, तोही पिळण्यासारखा. कारण स्पष्ट आहे: मेनोपॉज. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली हे खरं, पण काही बायकांना त्रास उशिरापर्यंत राहतो. त्यातली मी. विषय संपला.
उपाय ठरवले. रात्रीचा चहा बंद, झोपताना कोकम सरबत, अंगात फक्त सुती कपडे. पंधरा दिवसांत फरक.
ह्यांनी आपली गादी पडवीत नेली. जानेवारीत पंखा पाचवर म्हणून थंडी वाजते म्हणे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, ह्यांना हार्मोन्स काय समजणार.

९ जानेवारी, गुरुवार
चहा बंद केला. दुपारी डोकं चढलं म्हणून दोन वेळा घेतला. रात्री तीन मॅक्सी. म्हणजे चहाचा काही संबंध नाही हे सिद्ध झालं. चहा पूर्ववत चालू.

११ जानेवारी, शनिवार
निशिगंधाचा फोन. सातवा संपत आला. जावई दीपेश मुंबईला नोकरीला, ती लांज्याला सासरी. नऊ फेब्रुवारीला माहेरी येते म्हणाली. 
साडेचारशेच्या वर बाळंतपणं केली मी. रात्रीअपरात्री, कंदिलाच्या उजेडात, एकदा तर होडीत. पण निशी झाली तेव्हा रजा संपली तशी कामावर हजर. तिला न्हाऊमाखू घातलं सासूबाईंनी. ती पालथी पडली, बसली, पहिलं पाऊल टाकलं, सगळं मला संध्याकाळी घरी आल्यावर कळायचं. दुसऱ्यांच्या पोरांची वजनं मात्र तोंडपाठ.
हे बाळ मी न्हाऊ घालणार. स्वतः. एक दिवस चुकवणार नाही. याच्या आड मी कोणालाही येऊ देणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
वजन ५२. दिवाळीत ५९ होतं. डाएट लागू पडलं. कोणतं डाएट ते नेमकं सांगता येणार नाही, पण जेवण जात नाही, याला संयम म्हणतात.
हळदीकुंकवाला आलेल्या दोघीतिघींनी विचारलं, एवढी कशी गो वाळलीस, बरी आहेस ना. म्हटलं, फिटनेस. बांगड्या कोपरापर्यंत चढतात. लहान माप घेऊन टाकावं.

१७ जानेवारी, शुक्रवार
खोकला. मागच्या बागेत आंब्याला फवारणी चालू आहे, त्याचा वास घशात बसतो. फवारणी कालपासून चालू झाली. खोकला डिसेंबरपासून आहे, पण डिसेंबरात हवेत धूळ होती. हायवेचं काम.
घाम: दोन मॅक्सी आणि एक चादर. संध्याकाळी अंग कणकणतं. हॉट फ्लश.

२० जानेवारी, सोमवार
व्यायाम चालू केला. भाट्याच्या वाळूत रोज दोन किलोमीटर, असा संकल्प. आज पुलापर्यंत गेले आणि समुद्र बघत थांबले. बराच वेळ बघितला. समुद्र बघायला कोणी थांबत नाही, सगळे नुसते चालतात, म्हणून लोकांची बीपी वाढतात. रिक्षाने परत.

२३ जानेवारी, गुरुवार
सलोनी आली. आमच्या वाडीची आशा सेविका. कामाला लागली तेव्हा मीच तिला शिकवलं. टीबी शोध मोहीम आहे, घरोघर फिरते. माझ्या दारात फॉर्म काढला तेव्हा मला हसूच आलं. ते चार प्रश्न मी हजारो दारांत विचारले असतील. पंधरा दिवसांच्या वर खोकला? संध्याकाळचा ताप? वजन कमी झालं? रात्री घाम येतो?
तिने विचारलं, मी उत्तरं दिली. खोकला फवारणीचा. ताप नाही, उष्णता. वजन डाएटने. घाम मेनोपॉजचा.
सलोनी लिहीना. पेन हातात धरून माझ्या ब्लाऊजकडे बघत होती. लोक नाही म्हणाले तर त्यांच्या गळ्याखालच्या हाडांकडे बघायचं, हे तिला मीच सांगितलं होतं. म्हणाली, नर्सबाय, ब्लाऊज केवढा सैल झालाय तुमचा. डबी ठेवून जातंय हां, उद्या सकाळी न्यायला येतंय.
मी म्हटलं, ठेव बापडी. तुझं टार्गेट तरी पुरं होईल.
रात्री झोप नाही. उष्णतेमुळे.
टीबीच्या पेशंटजवळ तान्हं मूल देत नाहीत. हे इथे का लिहिलं माहीत नाही. सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार
डबी दिली.
नियम असा: उठल्याबरोबर, काही न खाता-पिता, छातीतून खोल खोकून बेडका काढायचा. नुसती थुंकी चालत नाही, थुंकीत काही सापडत नाही. हे मी गावोगाव ओरडून सांगितलंय. आज घाई होती. उठले, चहा घेतला, त्यात बुडवून बटर खाल्लं, चूळ भरली आणि मोरीत उभी राहून डबी भरली. तोंडात होतं ते. छाती खरवडून काढायची म्हटलं तर घसा सोलतो, आणि त्याची आवश्यकता नव्हती. ज्याला काही झालेलंच नाही त्याने एवढा कीस कशाला काढायचा.
हे मागच्या दारात दात घासत उभे होते. माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं. बोलले काही नाहीत. ते बोलत नाहीतच.

२८ जानेवारी, मंगळवार
निगेटिव्ह!
रिपोर्ट कपाटाच्या काचेला आतून चिकटवला. सलोनी म्हणाली एकदा एक्सरे काढूया. तिला शांतपणे समजावलं की रिपोर्ट आल्यावर शंका घेणं म्हणजे लॅबचा अपमान. ती गेल्यावर गोड शिरा केला. ह्यांनी खाल्ला नाही.
आता अधिकृत: मेनोपॉज.

९ फेब्रुवारी, रविवार
निशी आली. पोट खाली उतरलंय, पायांना सूज, चेहरा मात्र माझ्या आईसारखा उजळलाय. मला बघून दारातच थांबली. आई, काय हे, म्हणाली. मी कपाट दाखवलं. तिने रिपोर्ट दोनदा वाचला, मोबाईलवर फोटो काढला आणि सासूला पाठवला. तिच्या सासूला काळजी होती म्हणे, विहीणबाई खोकतात असं कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. गावातल्या बायकांना दुसरी कामं नाहीत.
निशीची खाट माझ्या खोलीत, माझ्या शेजारी. ह्यांनी ती बाहेरच्या खोलीत लावली होती. मी परत आत आणवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे ३.१०
निशीने उठून माझी चादर बदलली. आठ महिन्यांचं पोट घेऊन. मी नको नको म्हणत होते, पण हातात त्राण नव्हतं. तिने माझी पाठ पुसली. आई, तुझ्या बरगड्या मोजता येतात, म्हणाली. मग अंधारात रडली असावी. नाक ओढत होती.
मी ठरवलं आहे. एक्सरे काढायचा. बाळंतपण झाल्यावर. लेखी निर्णय, यात बदल नाही.

८ मार्च, शनिवार
महिला मंडळात माझं भाषण: रजोनिवृत्तीनंतरचा आनंद. चाळीस मिनिटांची तयारी होती, बारा मिनिटांत आटोपलं. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. कोणीतरी पाणी दिलं, कोणीतरी खुर्ची. पण मुद्दे पोचले. घामाला घाबरू नका, तो निसर्ग आहे, हे मी ठासून सांगितलं. पहिल्या रांगेतल्या दोघी उठून मागे जाऊन बसल्या. बहुधा पंख्याखाली.

१२ मार्च, बुधवार
मुलगी. दोन किलो नऊशे. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी.
मला आत घेतलं नाही. बाहेर बाकावर बसले. साडेचारशे बाळंतपणांत मी पहिल्यांदाच दाराच्या या बाजूला होते. सिस्टरने दुपट्यात गुंडाळून आणून माझ्या हातात दिली. तिने जांभई दिली. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

२७ मार्च, गुरुवार
रोज सकाळी आठला न्हाणं. पायांवर पालथी घेते, खोबरेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. रडत नाही. उताणी केली की डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी तिच्याशी बोलते, ती ऐकते. दुपारी छातीवर घेऊन निजते म्हणजे निशीला दोन तास झोप मिळते. रात्रीही माझ्याकडेच.
घाम येतोच. आता मोजत नाही.
एक्सरे: बारसं झाल्यावर. हा बदल नाही, फक्त तारीख स्पष्ट केली.

११ एप्रिल, शुक्रवार
बारसं झालं. तिला उचलून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून बसूनच घेते. एक्सरे: दीड महिन्याच्या लसी झाल्यावर. बाळाला एकटं टाकून हॉस्पिटलात रांगेत कोण उभं राहणार.
हे आज म्हणाले, तोंडाला काहीतरी बांध. म्हटलं, ती मला ओळखणार कशी.

२३ एप्रिल, बुधवार
लसीला नेली. वजन भरलं नाही. तीन किलो शंभर. सहा आठवड्यांत दोनशे ग्रॅम. मी सेंटरवर असते तर त्या आईला झापलं असतं.
डॉक्टरीण तरुण आहे, पण नीट बघते. बाळाला बारीक ताप आहे म्हणाली. छाती दोनदा ऐकली. मग विचारलं, घरात कोणाला खोकला आहे का.
निशी लगेच म्हणाली, आईला आहे, पण तिची तपासणी निगेटिव्ह आहे. मोबाईल काढून रिपोर्टचा फोटो दाखवला. किती विश्वासाने दाखवला. डॉक्टरणीने तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं.
मी गप्प राहिले. निगेटिव्ह ते निगेटिव्ह. मी काही लॅब चालवत नाही.
येताना रिक्षात बाळ माझ्याच मांडीवर होतं. दुपट्यातूनही गरम लागत होतं.

२६ एप्रिल, शनिवार
हे बोलले.
दुपारी जेवताना. बाळाचा ताप उतरत नव्हता, निशी न जेवता तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. ह्यांनी भाताचा घास ताटात परत ठेवला आणि म्हणाले, निशी, ती डबी तिने चहा पिऊन, चूळ भरून, नुसती थुंकून भरली होती. मी बघत होतो. मी त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं.
निशी नर्सची मुलगी आहे. तिला अर्थ सांगावा लागला नाही. तिने मला विचारलंदेखील नाही. मी म्हणत होते की घाई होती, की तेव्हा फवारणी चालू होती. तिने एका हाताने बॅग भरली. मी लंगोट घडी करून द्यायला गेले तर म्हणाली, आई, तू हात लावू नको.
पाचच्या गाडीने लांज्याला गेली. हे पोचवायला गेले आणि रात्री तिथेच राहिले.

२८ एप्रिल, सोमवार
एक्सरे काढला. उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला. उठल्याबरोबर, काही न खाता, खोल खोकून डबी भरली.

३० एप्रिल, बुधवार
टीबी. पॉझिटिव्ह, आणि भरपूर.
सलोनी गोळ्या घेऊन आली. मास्क लावून दारातच बसली, पहिली गोळी तिच्यासमोर गिळायला लावली. सहा महिने. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नर्सबाय, मी पुन्हा डबी द्यायला हवी होती, म्हणाली आणि पदराने डोळे पुसत गेली. दोष तिचा नाही. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि खोकला आला.

५ मे, सोमवार. संध्याकाळी ५.१५
निशीचा फोन. नऊ दिवसांनी.
तिचा नंबर दिसला तेव्हा मी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. आधी तिला बोलू द्यायचं, मग माफी मागायची, मग विचारायचं की गोळ्या लागू पडल्यावर, दोन महिन्यांनी, नुसतं लांबून बघायला येऊ का.
कशी आहेस, असं तिने विचारलं नाही. बाळाला ॲडमिट केलंय. तान्ह्याला बेडका काढता येत नाही, म्हणून पोटातलं पाणी नळीने काढून टीबीसाठी तपासायला पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. डॉक्टरांना केसपेपरवर लिहायचंय म्हणाली, म्हणून फोन केला. बाळ रोज किती तास तुझ्याजवळ असायचं?
मी मनात जुळवायला लागले. न्हाणं, मालिश, दुपारची झोप, रात्रीची झोप, ढेकर, अंगाई. चार तास सांगावे असं वाटलं. पाच. तोंडापर्यंत आलं होतं.
मग म्हटलं, सगळा वेळ. तू फक्त पाजायला घ्यायचीस. बाकी सगळा वेळ माझ्याजवळ होती.
बरं, म्हणाली. मागे बाळ रडत होतं, आवाज बारीक झाला होता. मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.