चालणारे पूर्णविराम आणि माझा ठाम नकार

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा, कंबर परवानगी देते तेवढा वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब कसा आहे? माझा ठीक होता, तुझं पत्र वाचेपर्यंत. ‘ती पीडा आजच्या आज बाहेर काढ, नाहीतर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही,’ असं तू लिहिलंस (रागातही अक्षर वळणदार, कौतुक आहे). तर उत्तर आधीच देऊन टाकते: काढणार नाही. पुढचं सवड असेल तर वाच.

तुझ्या भाच्याने नोकरीवर जाताना ‘आई, दोनच आठवडे’ म्हणून हा साप माझ्या गळ्यात घातला, त्याला तीन वर्षं झाली. साडेतीन फूट, नारिंगी, बिनविषारी. पुस्तकं शिवायच्या दोऱ्यासारखा गुंडाळून बसतो म्हणून मी त्याला दोरा म्हणते. मागच्या आठवड्यात वकिलांच्या ग्रंथांच्या बांधणीसाठी कोरे कागद कापत होते, तर एका कागदावर पूर्णविराम. कोऱ्या कागदावर पूर्णविराम कुठून आला म्हणून चष्मा पुसतेय, तोवर तो चालू लागला! मी तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी डोळे ठणठणीत ठरवले (आणि विरामचिन्हं चालतात हे चारचौघांत बोलू नका, असंही सुचवलं). घरी येऊन बघते तर दोरा पाण्याच्या भांड्यात नाकापर्यंत बुडून बसलेला. भिंग लावलं. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खवल्यांखाली तेच काळे ठिपके, त्याचं रक्त पीत बसलेले.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हे माइट, गोचिडांची धाकटी भावंडं. सापाला कोमट पाण्यात बसवा. तो राहतो त्या पेटीतला भुसा, लाकडं, सगळं फेका. पेटीत हा फवारा मारा, पूर्ण वाळू द्या, मगच साधा पांढरा कागद अंथरून त्याला आत सोडा. अंडी उरतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा. कागदाला माझ्या घरात तोटा नाही. मी त्याला झाकणाच्या बादलीत बसवलं आणि नेमकी दाराची घंटा वाजली. वकिलांचे कारकून, तयार ग्रंथ न्यायला. झाकण नीट बसलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांना आधी कळलं. पिशवीत शेवटचा ग्रंथ ठेवताना ते म्हणाले, “बाई, हा ओला पट्टा कसला?” आणि मग, “बाई, पट्टा हलतोय!” पुढच्या क्षणी कारकून माझ्या कापायच्या टेबलावर उभे. (ते टेबल साठ वर्षांच्या माणसाला पेलतं, ही त्यातली चांगली बातमी.)

मी दोऱ्याला उचलून बादलीत ठेवलं. वरून कारकून गरजले, “साप ठेवा नाहीतर आमचं काम ठेवा!” पंधरा वर्षांचं काम, दादा. अर्धं घर त्यावर चालतं. मी म्हटलं, “मग काम न्या.” ते गेल्यावर मात्र झाकण दाबून बसवलं आणि बादलीशेजारी फरशीवरच बसले. तुझ्या भाच्याने फोनवर हे दुखणं सांगितलं आणि तूही तेच लिहिलंस. आजारी आहे म्हणून बाहेर काढायचं, तर मग तुझ्या भाच्याच्या गोवरात मी काय करायला हवं होतं? डॉक्टर म्हणतात, साप माणसाला ओळखत नाही. नसेल. मी त्याला ओळखते, तेवढं पुरे.

काल कारकून परत आले. दुसऱ्या बांधणीवाल्याच्या पुस्तकातली पानं पहिल्याच सुनावणीत सुटली म्हणे. उंबऱ्याबाहेर उभं राहून हात लांब करून ग्रंथ दिले आणि छताकडे बघत विचारलं, “बरा आहे का तो?” ठिपके कमी झालेत म्हटल्यावर सुटकेचा निःश्वास त्यांनीही टाकला. तेव्हा परका माणूस वळला. सख्खा भाऊ वळो न वळो. मी कुणाच्या मिनतवाऱ्या करणार नाही.

तुझी (न ऐकणारी) धाकटी

ता. क. येत्या बुधवारी दुसरा फवारा आहे. एकाने साप धरायचा, एकाने पेटी धुवायची. मला दोनच हात आहेत. सकाळच्या बसने ये. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल.

ता. क. २. वहिनीशी फोनवर बोलणं झालंय. साप ती धरणार आहे. “तुझ्या भावाबरोबर एकतीस वर्षं काढली, आता कशाला भ्यायचं,” म्हणाली. तुला जमत नसेल, तर तिला बसमध्ये बसवून दे.