मास्टरांच्या चिंध्या

२ मार्च, सोमवार
रिटायर होऊन चौथा आठवडा. संकल्प तीन. रोज पाऊण तास चालणे. चौतीस कमरेचीच पँट घालणे. लोकांच्या उपयोगी पडणे. चालणं उद्यापासून.

कोपऱ्यावरच्या टेलरमास्टरांकडे पँट टाकली. धुण्यात आटली आहे, जरा सैल करा म्हटलं. कंबर चौतीस, हेही सांगितलं. मास्टरांनी तरी टेप लावली. दुकानात दुसरं चिटपाखरू नाही. काजं-बटणं करणाऱ्या वहिनी, म्हणजे मास्टरांची बायको, म्हणाल्या की हल्ली सगळे तयार कपडे घेतात. असंच चाललं तर तीन महिन्यांत शटर ओढावं लागेल. एकतीस वर्षांचं दुकान! तिसरा संकल्प आयता समोर आला.

३ मार्च, दुपारी
कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘आपल्या मास्टरांना वाचवा.’ सोबत ते सुईत दोरा ओवतानाचा फोटो. बायको म्हणाली, त्यांना विचारलंत का? चांगल्या कामाला विचारायचं काय!

६ मार्च
मेसेज कुठल्या कुठे गेला. दुकानापुढे रांग! लोकांनी कपाटं उपसली आहेत. मीच उभा राहून पिशव्यांवर नावं टाकली. मास्टर म्हणाले, साहेब, मी दिवसाला सहा कपडे करतो. म्हटलं, आता वाढवा. चालायला वेळ झाला नाही.

९ मार्च
दुकानात अंदाधुंदी. रजिस्टरच नाही! प्रत्येक कपड्याला एक चिंधी टाचलेली, तिच्यावर पेन्सिलीने मापं. नाव नाही. कुठे लाल दोरा, कुठे निळा. दोऱ्यावरून माणूस कळतो म्हणे. अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळलेल्या माणसाला हे बघवेल का? उद्या मास्टर डोळे तपासायला जाणार, दुकान बंद. आवरून ठेवतो म्हणून किल्ली मागितली. वहिनी देताना घुटमळल्या. बुजऱ्या आहेत.

१० मार्च, संध्याकाळी ५
एकट्याने १६३ कपडे! चिंध्या काढल्या, नंबरांचे स्टिकर लावले, वहीत नंबरापुढे पिशवीवरचं नाव. पिशवीभर चिंध्या कचऱ्याच्या गाडीत. मापं काय, पुन्हा घेता येतात.

११ मार्च
मास्टरांनी चिंध्या कुठे विचारलं. सांगितलं. ते स्टुलावर बसलेच. भारावले असावेत.

१२ मार्च
सगळ्यांना बोलावून मापं पुन्हा घेतली. लोक कुरकुरले. मापं माझ्या वहीत, नंबरवार. अक्षर सुरेख आलं आहे.

१४ मार्च
वाफेच्या इस्त्रीने स्टिकर सुटतात, हे स्टिकर विकणाऱ्याने सांगायला नको का? ४७, ८८, ११२, सगळे जमिनीवर. वही बिनचूक आहे. फक्त कुठला कपडा कोणाचा ते कळत नाही. त्यात सत्तर तर काळ्या पँटा.

१८ मार्च
दुकानात नुसती भांडणं. एका मुलीच्या कोटाच्या बाह्या भलत्याच मापाने कापल्या गेल्या. तिची उद्या नोकरीची मुलाखत. रडायलाच लागली. मास्टरांनी स्वतःचा कोट उसवून त्या कापडाच्या बाह्या तिला लावून दिल्या. पैसे घेतले नाहीत. वहिनी सगळ्यांची माफी मागत होत्या. मला कोणीतरी विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, मीही गिऱ्हाईकच.

जेवण गेलं नाही. संताप येतोय. लोकांचा, स्टिकरचा. आणि माझाही.

२७ मार्च
लोकांची भरपाई करता करता गल्ला रिकामा, मास्टर शटर ओढणार. मोठ्या कपड्यांच्या दुकानात, तळघरात बसून फिटिंग करायचं काम धरलं आहे. म्हटलं, तिथल्या मॅनेजरशी बोलू का? दोघंही एकदम नको म्हणाले. मग वहिनी म्हणाल्या, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तीन महिने तरी हातात होते, भाऊजी.

माफी मागायला गेलो होतो. ती तशीच राहिली.

३१ मार्च
मास्टरांनी माझी पँट घरी पाठवली. चिंधी टाचलेली, पिवळा दोरा. मी आवरलं त्या दिवशी ती वहिनींनी बटणासाठी घरी नेली होती, म्हणून चिंधी वाचली. माझा रंग पिवळा. आकडा ३९. म्हणजे पहिल्या दिवशीच लिहून ठेवला होता. घातली. इतकी छान बसली की आरशासमोर उभं राहवेना.

ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला, पण तो पुढे गेला तो गेलाच. दुपारी बंद दुकानासमोर दोघं पिशव्या घेऊन उभे. मास्टरांना वाचवायला आलोय म्हणाले. दुकान बंद झालं, सांगितलं. का? म्हटलं, माझ्यामुळे. त्यांना वाटलं, थट्टा करतोय. त्यातला एक माझ्या पँटकडे बघून म्हणाला, काय फिटिंग आहे हो, कुठे करून घेतलंत?

शटरकडे बोट दाखवलं आणि चालायला लागलो. घरी आलो तेव्हा बघितलं, पाऊण तास झाला होता.