मागच्या गाडीचा हात

३ एप्रिल, मंगळवार

आज सामान आलं. दोन खोल्यांचं घर आहे, पुढे लाकडी ओटा. ओट्यावर खुर्ची टाकली की समोर तांबडा कातळ, मैलन् मैल, मधे काही नाही. काउंटीच्या रस्ते खात्यात मोजणीदाराची जागा मिळाली. साठी उलटल्यावर कुणी नोकरी देईल असं वाटलं नव्हतं. फळ्या ठोकताना मी शीळ घालत होतो, हे लक्षात आल्यावर थांबलो. मग पुन्हा घातली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी शेजारची थोरा काचेच्या भांड्यात बटाटे आणि चीज भाजून घेऊन आली. आमच्या युटात हा पदार्थ मयताच्या घरी नेतात. हिला माझ्याबद्दल काही कळलंय की काय, असं क्षणभर वाटलं. तिनंच हसून सांगितलं, की तिला एवढंच धड जमतं. लग्न असो नाहीतर मयत, लोकांना हेच गिळावं लागतं. तीस वर्षं ती शाळेत स्वयंपाकीण होती. दारातली माझी हिरवी जीप बघून तिनं विचारलं, की वेल्डन, ही कातळावर चढवतोस की नुसती धुतोस. त्यांचा पाच-सहा गाड्यांचा गट दर शनिवारी जातो. मी म्हणालो, मी आता कातळावर जात नाही. ती म्हणाली, ते तिनं विचारलंच नव्हतं. शनिवारी हॉर्न किती वाजता वाजवू, एवढंच सांग.

७ एप्रिल, शनिवार

गेलो. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, आणि खरं सांगायचं तर जावंसंही वाटत होतं.

वाटेचं नाव ‘घोडीची पाठ’. कातळावर पकड यावी म्हणून पायथ्याशी सगळ्यांनी चाकांतली हवा अर्ध्यावर आणली. गटातला लामार जुना गॅरेजवाला. त्याची जीप सुरू झाली की आवाजानं कावळे उडतात आणि तो गाड्यांमधल्या रेडिओवर त्यांची माफी मागतो. नवा माणूस म्हणून त्यानं मला नियम सांगितला. फाट्यावर थांबायचं. मागची गाडी दिसली की खिडकीतून हात काढून वळायची बाजू दाखवायची. मागच्यानं हात वर केला की मगच हलायचं. कातळावर चाकाची खूण उमटत नाही, म्हणून हा हात हीच वाट. मागचा दिसला नाही तर दिसेपर्यंत थांबायचं, मग दिवस का मावळेना.

मी मान हलवत ऐकून घेतलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय.

नव्या माणसाला मधे ठेवतात. मी शेवटची जागा मागितली. लामार म्हणाला, ज्याला धूळ खायची हौस आहे त्याच्या तोंडचा घास आपण कशाला काढा. सगळे हसले. मीही हसलो. शेवटच्याच्या मागे कुणी नसतं, हे कारण मी सांगितलं नाही.

जेवताना थोरानं झाकणाच्या लोखंडी भांड्यात पीचचा गोड पदार्थ निखाऱ्यांवर केला. घरी कोण कोण, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, की थोरला भाऊ रुलॉन ऑक्टोबरात वारला. असाच कातळावर, इथून दीडशे मैलांवर, गाडी घसरून. थोरानं माझ्या थाळीत आणखी वाढलं. मी थाळी खाली ठेवून चाकांतली हवा बघायला उठलो.

१४ एप्रिल, शनिवार

आज वाट अवघड होती, पण गाडीनं साथ दिली. तीव्र चढावर समोर नुसतं आभाळ दिसतं आणि लामार पुढे उभा राहून हाताच्या इशाऱ्यानं चाकं कुठे टाकायची ते दाखवतो. दोनदा त्यानं मला शाबासकी दिली. एकदा म्हणाला, की मोजणीदार म्हातारा इंच मोजून चालवतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. दुसऱ्या चढानंतर आरशात दोन दिवे दिसले. आम्ही सगळेच भर दिवसा दिवे लावून चालवतो, म्हणून वेगळं वाटलं नाही. असेल कुणी परका. फाट्यावर मी थांबायला हवं होतं. मागे दिसेल तो आपला, मग तो गटातला असो-नसो, असा इथे रिवाज आहे. मी थांबलो नाही. का, ते नंतर लिहीन.

माथ्यावर थोरा दुर्बीण घेऊन बसली होती. तिनं सात गाड्या मोजल्या. आम्ही सहा आहोत. तुझ्या मागचा कुठे राहिला, असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो, तो आधीच दुसरीकडे वळला, मी बघितलं.

किती सहज निघालं तोंडून.

१७ एप्रिल, मंगळवार

आयडेलाचा फोन आला. रुलॉनची बायको. सव्वीसला येते म्हणाली. रुलॉन जिथे रमायचा तसल्या कातळावर तिला एकदा स्वतः गाडी चालवायची आहे. आयुष्यभर तिनं शेतातले ट्रक चालवले, पण याला ती वेडेपणा म्हणायची. मी म्हटलं, ये. दुसरं काय म्हणणार?

ऑफिसात माझं काम सगळ्यांना आवडतंय. माझी मापं चुकत नाहीत, असं साहेब म्हणाला. मान खाली घातली.

२१ एप्रिल, शनिवार

दिवे पुन्हा होते. या वेळी जवळ. गाडी दिसली.

हिरवी आहे. माझ्यासारखीच. आम्ही भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून सारख्या दोन घेतल्या होत्या. रुलॉनची भंगारात गेली. ती चेपताना मी उभा होतो.

फाट्यावर मी हात बाहेर काढलाच नव्हता. थांबलोही नव्हतो. तरी मागच्यानं खिडकीतून डावा हात वर केला. हात सरळ, बोटं जुळलेली. कळलं, नीघ म्हणून सांगणारा.

माथ्यावर थोरानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, आज कुणी नव्हतं. तिनं दुर्बीण खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

२२ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. आज लिहून टाकायचं.

ऑक्टोबरात आम्ही दोघंच होतो. मी पुढे, तो मागे. रुलॉन फार हळू चालवायचा. दर फाट्यावर दहा-दहा मिनिटं थांबून मी कंटाळलो होतो. तिसऱ्या फाट्यावर थांबलो नाही. उजवीकडे वळलो, पुढे जाऊन सावलीत बसलो, माझं सँडविच खाल्लं. आला की चिडवीन, असं ठरवलं होतं.

तो डावीकडे गेला होता.

शेरीफनं विचारलं, फाट्यावर थांबला होतात का? मी हो म्हणालो. भावानं पाहिलं का? हो, त्यानं हात वर केला. मीच रचलेला हात. रुलॉननं कधी हात केलाच नाही.

इथवरचं कदाचित कुणी माफ करील. पुढचं नाही. त्यानं हात केला म्हणजे तो माझ्या मागे उजवीकडे वळला, असं धरून त्यांनी दीड दिवस उजवी बाजू शोधली. मी त्यांच्याबरोबर फिरत होतो, हाका मारत होतो. डावीकडे बघा असं म्हणायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरला गाडी दिसली. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत तो जिवंत होता.

म्हणजे मागे येतो तो रुलॉन नव्हे. रुलॉन असता तर मी थांबलो असतो. पाया पडलो असतो. हा तो आहे ज्यानं हात वर केला. माझ्या तोंडून निघालेला.

२४ एप्रिल, मंगळवार

आज ऑफिसच्या ट्रकच्या आरशात. डांबरी रस्त्यावर, दुपारी. शेजारी हाताखालचा माणूस बसला होता. त्यालाही दिसला. म्हणाला, कोण आहे रे तो, कधीचा हात दाखवतोय, ओळखीचा आहे का?

मी नाही म्हणालो.

२६ एप्रिल, गुरुवार

आयडेला आली. केस पांढरे झालेत. थोराकडे जेवायला बोलावलं होतं. लामारनं तिला हसवलं. वेल्डन मागे चालवतो म्हणून मी पुढे आरसा लावायचाच सोडला, नाहीतर त्याची सुतकी मुद्रा बघून माझंच इंजिन बंद पडतं, असं म्हणाला. ती खूप दिवसांनी हसली असावी.

मग सगळ्यांसमोर माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, की ती झोपू शकते ती एकाच गोष्टीमुळे. शेवटी रुलॉनला आपलं माणूस दिसलं होतं, त्यानं हात केला होता. तो एकटा नव्हता.

तेव्हा सांगायला हवं होतं. ताट उचलून मी मोरीत गेलो, नळ सोडला.

२७ एप्रिल, शुक्रवार

उद्या सकाळी सांगणार. निघण्याआधी. तिला न नेता.

२८ एप्रिल, शनिवार

८.१५ – सांगितलं नाही. ती दारात उभी होती, रुलॉनची टोपी घालून—

थोरानं तिला आपल्या नवऱ्याची जुनी लाल जीप दिली. आयडेला म्हणाली, वेल्डनच्या मागे, शेवटी, रुलॉन होता तिथेच राहीन. थोरा नको म्हणत होती. माझ्याकडे बघून विचारलं, सांभाळशील ना? मी हो म्हणालो.

११.१० – फाटा. थांबलो आहे. बाकीचे पुढे गेले. उजवीकडे वाट. डावीकडे कातळ उतरत जातो आणि मग काही नाही. डावा हात बाहेर काढून छपरावरून उजवीकडे दाखवत धरला आहे. उजव्यानं वही स्टिअरिंगवर ठेवून लिहितोय. लिहिलं नाही तर मी गाडी सुरू करीन.

आयडेला अजून दिसत नाही.

११.१६ – उंचवट्यावर हिरवी गाडी. लाल नव्हे. माझ्या नि तिच्या मध्ये—

११.१८ – रेडिओवर आयडेला. खुशीत आहे. “दिसलास रे वेल्डन. हात पण दिसला. डावीकडे ना? हा बघ, मीही केला.”

मी उजवीकडे दाखवतोय.

थांब म्हणालो. “का?” म्हणाली. म्हणालो, पुढे वाट खराब आहे. म्हणजे तेव्हाही खोटंच— ती हसली. मग हात कशाला दाखवतोस, म्हणाली. इंजिनाचा आवाज चालूच. उताराचा आवाज—

११.२१ – सांगितलं. रेडिओवर. सगळ्यांनी ऐकलं. तो हात माझा नाही. रुलॉननं हात केला नव्हता. मी थांबलो नव्हतो. मी सँडविच खात होतो. शोधणाऱ्यांना मी उजवीकडे पाठवलं. तो दुसऱ्या दिवसापर्यंत होता आयडेला, तो होता.

११.२३ – रेडिओचं बटण सोडलं, बाहेरचा हात तसाच धरला.

११.२४ – ब्रेकचा आवाज. मग आयडेला, अगदी हळू— “मग माझ्यापुढे हा हात कोण करतंय?”

११.२७ – तिची पुढची चाकं उतारावर आहेत. थोरा माथ्यावरून दुर्बिणीनं बघत रेडिओवर तिला मागे घेतेय, एकेक इंच. अगं ब्रेक सोड, सोड, आता धर. बाई, घाई नाही, जेवण मी केलंय, ते काही इतकं चांगलं नाही. आयडेला रडत रडत हसली. निघाली. सपाटीवर आली.

हिरवी गाडी तिच्यापुढे नाही, म्हणते.

११.२९ – आयडेला मला म्हणाली, “तू हलू नकोस. मला फाटा माहीत नाही. तू दिसलास तरच मी येईन.” माझं नाव घेतलं नाही तिनं.

११.३१ – आरशात हिरवी. अगदी मागे. त्या गाडीचं दार उघडलं.

रुलॉन डावा पाय ओढायचा. हा ओढत नाही.

किल्ली लावलेलीच आहे. उजवी वाट मोकळी. गेलो तर तिला फाटा कळणार नाही. कातळावर काही उमटत नाही—

हात आत घ्यावा? हात आत घेतला तर तिला—

बाहेरच्या हाताला कुणीतरी धरलं आहे. थंड नाही. माझ्याच हाताइतका ऊ—

बघत नाही. पुढे बघतो. उंचवट्याकडे. लाल काही दिसत नाही अजून. ती दिसेपर्यंत मी इथेच थां—