आमच्या गोलूलेही हेच लावतो

नागपूर, ९ जुलै २०२५

ती. प्रफुलदादास,
शि. सा. न.

फोनवर तू ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणून कापतोस, म्हणून लिहिते आहे.

काल दामिनीवहिनी तुमच्या गोलूला घेऊन काटोलहून आली. आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. गोलूच्या गालांवर शिरा दिसतात, दादा. बोट लागलं तरी तो कळवळतो. आपल्या दुकानातलं ते गोरं करणारं बेबी क्रीम वहिनी त्याला बारशापासून लावते आहे. डॉक्टरांनी डबी उलटीपालटी करून पाहिली. आत काय आहे ते कुठेच छापलेलं नाही. बहुतेक स्टेरॉइड आहे म्हणाले, बाळांची कातडी त्याने पातळ होते. एवढ्याशा जिवाला गोरं करायची घाई कोणाला होती, असंही विचारलं. घाई तुला होती.

त्या सगळ्या डब्या फळीवरून आजच काढ.

माया आहेच, आज राग जास्त आहे.
तुझी गोपिका

काटोल, १४ जुलै

चि. गोपिकास,
अनेक आशीर्वाद.

घरात पहिली बी.एस्सी. झाली त मास्तरीणच झाली वं तू! दामिनी वापस आली त्याच दिवशी घरची डबी मी नालीत फेकली. गोलूचे गाल आता बरे होऊन राहिले, काळजी करू नको.

दुकानाचं मात्र वेगळं हाय. व्यापारी माल वापस घेत नाही. नवीन मांगवत नाही, हाय तेवढा खपू दे. बाया स्वतःच मांगतात, मी कोनाच्या लेकराले लावाले जातो काय? घरची गोष्ट घरातच राहू दे.

राग सोड, जेवत जा.
तुहा दादा

नागपूर, १९ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

घरची डबी नालीत आणि दुकानातल्या फळीवर. म्हणजे तुला पटलं आहे. पटलं नसतं तर मी समजावत बसले असते.

बाया का मागतात ते वहिनीने सांगितलं. ‘आमच्या गोलूलेही हेच लावतो’ म्हणून तू डबी पुढे करायचास. आता काय म्हणून करतोस?

आज औषध निरीक्षकांच्या कार्यालयात तक्रार दिली. दुकानदार तुमचे कोण, असं तिथल्या बाबूंनी विचारलं. ‘सख्खा भाऊ,’ मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, घरी जाऊन विचार करा म्हणाले. मी करूनच आले होते.

निरीक्षक दुकानात येतील तेव्हा व्यापाऱ्याचं नाव लपवू नकोस.

राखीला मी येणार आहे. आपल्या घरात जायची वाट दुकानातूनच आहे, फळी मला दिसेलच.

तरीही तुझीच,
गोपिका