आईंच्या सीटखालचे शॉकअप

ती. वन्सं यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. यांचा उजवा अंगठा तेवढा वगळावा. भावोजींचा खोकला थांबला असेलच, नसल्यास आधी मध चाटून पाहावा, औषध नंतर विकत घ्यावं. आईंच्या पाठीचे टाके सुकले हे ऐकून जीव भांड्यात पडला.

पत्र अशासाठी की, गेल्या महिन्यात आपण यांना फोनवर म्हणालात, "त्या खटाऱ्यातून आईला नेलंस तर तिची पाठ पुन्हा उघडावी लागेल. त्यापेक्षा कायमची माझ्याकडेच राहू दे." आपलं बोलणं रास्तच होतं. डॉक्टरांनीही धक्के नकोत म्हणून बजावलंय, आणि आमची गाडी एक गतिरोधक ओलांडला की पुढच्या चौकापर्यंत मान डोलावत जायची. पण 'कायमची' हा शब्द यांच्या घशात अडकला. जेवताना दोनदा पाणी मागितलं, मग म्हणाले, "मागचे शॉकअप बदलले की झालं." (चाकांना बसणारे धक्के गिळणाऱ्या नळकांड्यांना शॉकअप म्हणतात, हे मला त्याच ताटावर कळलं.) गॅरेजवाला म्हणाला, या वयाला हात लावायचा तर पंधरा दिवस ठेवून जा. तो गाडीबद्दल बोलत होता, यांनी मनाला लावून घेतलं आणि घरीच करायचं ठरलं.

मदतीला शेजारचे निवृत्त मास्तर आले. त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली, त्यामुळे गाडी जॅकवर कशी तोलायची हे त्यांनी आधी कागदावर काढून दाखवलं आणि मग खुर्ची टाकून बसले. हे गाडीखाली. खालचा बोल्ट गाडीबरोबरच जन्मलेला, गंजून असा चिकटला होता की तेल पाजलं तरी ढिम्म हलेना. मी आत जप करत होते, हे बाहेर बोल्टला उद्देशून काही म्हणत होते. दोन्ही एकदमच वर पोचत असणार, त्यातलं काय ऐकायचं ते वरच्याने ठरवावं. वरचा नट डिकीच्या आतून काढावा लागतो. त्यामुळे हे कमरेपर्यंत डिकीत आणि पाय बाहेर, अशा वेळी दूधवाला आला. "साहेब घरात आहेत का?" मी म्हटलं, "डिकीत आहेत." तो दूध ठेवून गेला. अंगठा याच नटाने घेतला.

नवे शॉकअप यांनी आदल्या दिवशीच आणून, खोकी न उघडता आईंच्या खोलीत ठेवले होते. मी उघडून पाहिलं, तर प्रत्येक नळकांडं दाबून पट्ट्याने आवळलेलं. इतका मजबूत पट्टा उद्या केरात जाणार हे काही मला बघवेना. आईंच्या गादीची वळकटी सारखी सुटायची, म्हणून मी दोन्ही पट्टे सोडवून, एकमेकांना जोडून तिला बांधले. (छान बसले.) सकाळी पाहतो तो दोन्ही शॉकअप आपापल्या मनाने वीतभर लांब होऊन खोक्याबाहेर डोकावत होते. यांनी जुन्याशेजारी ठेवून पाहिले आणि ओरडले, "चुकीचं माप दिलंय लेकाच्याने!" मग मास्तरांना घेऊन दुकानावर चाल करून गेले.

तिथलं मास्तरांकडून कळलं ते असं. दुकानदाराने एक शॉकअप जमिनीवर उभा करून त्यावर अंग टाकलं. तो आखडला, आणि सोडताच सावकाश पुन्हा उभा राहिला. "आत गॅस असतो, साहेब. पट्टा कुठाय?"

"पट्टा नव्हताच."

"पट्ट्याशिवाय माल निघतच नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

मास्तर मध्ये पडले, "दोघंही खरं बोलताय असं गृहीत धरू." सिद्धता काही मिळाली नाही, पण भांडण मिटलं.

शेवटी मास्तरांनी खालून जॅकने चाकाची बाजू इंचाइंचाने उचलली, शॉकअप मुकाट्याने आखडला आणि बोल्ट भोकात गेला. दुसरी बाजू तशीच. संध्याकाळी मी मागच्या सीटवर, आई बसतात त्याच जागी, काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसले. (पाणीच होतं, दूध नव्हे.) गतिरोधकावर गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि गप्प. चार थेंब सांडले, ते मी पदराने टिपले. हा खर्च वहीत 'वाहन'खाली लिहावा की 'आई'खाली, ते अजून ठरत नाही.

तर रविवारी आम्ही आईंना न्यायला येतो. जेवणाचा घाट घालू नये, डबा आणते.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. आईंना मागेच बसवावं. पुढचेही शॉकअप गेलेत, हे तांब्या पुढे घेऊन बसल्यावर कळलं. पुढे मी बसेन. माझ्या पाठीला कोणी डॉक्टर नाही.

ता. क. २. पट्ट्यांचं यांच्यापाशी काढू नये. दुकानदाराशी भांडल्यापासून स्वारी फार खुशीत आहे.

ता. क. ३. मुख्य राहिलंच. आईंना एकट्या गाठून, त्यांच्या मनात खरंच यायचं आहे का ते विचारावं. आपल्याकडेच करमत असेल तर शनिवारच्या आत फोन करावा, पण मला, यांना नको. यांनी मागच्या सीटवर आत्तापासून आईंची उशी ठेवलीय. ती तशीच परत आणायची वेळ यांच्यावर येऊ नये. आपण नुसतं 'करमतंय' एवढंच म्हणा; रविवारी सकाळी चारही चाकांत हवा नसेल.